शिरगावचं खनिज, ओसाकाचा पिचर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्लास्टिकच्या चपला आणि छत्र्या यांच्या मधोमध टोप्यांचा एक ढीग असतो. डिचोलीजवळच्या आमच्या मयेतल्या एका पोरानं त्यातून निळी टोपी उचलली. पुढच्या बाजूला 'एल' आणि 'ए' ही दोन अक्षरं एकमेकांत अडकवलेली. "काका, हा कुठला फुटबॉल क्लब?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, फुटबॉल नव्हे रे, बेसबॉल. लॉस एंजेलिस डॉजर्स. अमेरिकेचा संघ, पण आज त्यातली तीन मोठी नावं जपानी आहेत: ओहतानी, यामामोतो आणि सासाकी. पोरगा विचारात पडला. "मग जपानात कोण खेळतो?"

या प्रश्नावर जपानात गेली तीस वर्षं वाद चालू आहे, आणि आम्हा डिचोलीकरांना तो परका वाटण्याचं कारण नाही. आमच्याकडून जपानला आधी माती गेली, त्या मातीवर आमच्याकडे क्लब उभे राहिले, आणि पुढं त्या क्लबांची माणसंही गेली. कुठं गेली आणि जाताना मागं काय ठेवून गेली, ते आता पाहू.

मातीपासूनच सुरुवात करतो. दुसरं महायुद्ध हरलेल्या जपानला पोलादाचे कारखाने पुन्हा पेटवायचे होते, पण देशात पुरेसं लोहखनिज नव्हतं. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात ते होतं, आणि तेही नदीच्या काठाला. १९५० च्या आसपास मयेच्या शेजारच्या शिरगावात, म्हणजे लईराई देवीच्या शिरगावात, चौगुल्यांच्या खाणीवर जपानी कर्जातून यंत्रं आली. तोवर घमेली आणि फावडी यांवर चाललेलं काम यंत्रावर गेलं, आणि कर्ज फेडायचं ते खनिजानंच. पुढची कित्येक दशकं आमच्या डोंगरांचं गिऱ्हाईक म्हणजे जपान. सारमानसच्या धक्क्यावर बार्ज भरायची, मांडवीतून मुरगावला जायची, तिथून जहाजात. आम्ही लहानपणी धक्क्यावर उभं राहून बार्ज पाण्यात किती बुडली यावरून माल किती भरला ते सांगायचो. तो माल कुठं वितळतो आणि त्याचं पुढं काय होतं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

खनिजाच्या पैशातून गोव्यात जे उभं राहिलं त्यात फुटबॉल क्लब आले. १८८३ साली विल्यम लायन्स नावाचा पाद्री तब्येत सुधारायला म्हणून शिवोलीला आला आणि त्यानं पोरांना फुटबॉल शिकवला, अशी गोव्यातली सर्वमान्य कथा. त्याच्या अकरा वर्षं आधी, १८७२ मध्ये, होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकानं तोकियोतल्या विद्यार्थ्यांच्या हातात बेसबॉल दिला. दोन्ही खेळ शाळेच्या दारातूनच आत आले. पण शाळेनं शिकवलेला खेळ पोटापाण्याचा होण्यासाठी पैसेवाला लागतो. जपानात तो आधी एका वर्तमानपत्राच्या रूपानं भेटला. योमिउरीचे मालक मात्सुतारो शोरिकी यांनी १९३४ मध्ये बेब रूथसह अमेरिकन खेळाडूंचा दौरा घडवून आणला, आणि १९३६ पासून व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. गोव्यात तो पैसेवाला खाणमालक होता. साळगावकरांचा क्लब १९५६ चा. डेंपोंच्या क्लबाचं मूळ तर डिचोलीच्याच एका फुटबॉल संघात. सेझा गोवा या खाण कंपनीनं १९९९ मध्ये साखळीला फुटबॉल अकादमी काढली.

जपानी संघांची नावं वाचली की बाजाराची यादी वाचल्यासारखं वाटतं. योमिउरी म्हणजे वर्तमानपत्र, हानशिन आणि सेइबू या रेल्वे कंपन्या, निप्पॉन-हॅम मांसाचे पदार्थ विकणारी, याकुल्ट आंबवलेल्या दुधाची बाटली, लोट्टे गोळ्या-चॉकलेटं, सॉफ्टबँक टेलिफोन. संघ मूळ कंपनीची जाहिरात म्हणून पोसायचा, तोटा कंपनीच्या खात्यात टाकायचा. आमच्याकडेही हेच. खेळाडूला कंपनीत नोकरी किंवा कंपनीचा पगार, आणि छातीवर मालकाचं आडनाव. तिकिटाच्या पैशावर ना त्यांचे बहुतेक क्लब चालले, ना आमचे. मालकाच्या मर्जीवर क्लब, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. फरक पुढं पडला.

खेळाडू बाहेर जाण्याची जपानातली पहिली गोष्ट चुकून घडली. १९६४ मध्ये नानकाई हॉक्स या संघानं तीन कोवळी पोरं शिकून यायला अमेरिकेत धाडली. त्यांतला मासानोरी मुराकामी हा वीस वर्षांचा डावखुरा पिचर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला इतका आवडला की त्याला मोठ्या संघातच उतरवलं. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या गोलंदाजासारखा. फक्त तो टप्पा पाडत नाही आणि सामन्याचा अर्धा भार त्याच्या खांद्यावर असतो. करारात एक कलम होतं: दहा हजार डॉलर दिले की पोरगा जायंट्सचा. जपानी क्लबानं सही करताना ते नीट वाचलं नव्हतं की वाचूनही त्यांना वाटलं नव्हतं की आपलं पोर कुणी ठेवून घेईल, कोण जाणे. मोठं भांडण झालं. मुराकामी १९६५ चा हंगाम तिथं खेळला आणि परत आला. मग दोन्ही देशांच्या बेसबॉल मंडळींनी एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत असं १९६७ मध्ये ठरवलं, आणि दार बंद झालं. जवळजवळ तीस वर्षं.

ते उघडलं ओसाकाच्या हिदेओ नोमोनं. कमरेत पूर्ण वळून, फलंदाजाला पाठ दाखवून मग चेंडू सोडायचा. म्हणून त्याला 'टोर्नेडो' म्हणत. किंतेत्सु या रेल्वे कंपनीच्या संघात तो खेळायचा. व्यवस्थापनाशी त्याचं बिनसलं. त्याच्या एजंटानं नियमांच्या पुस्तकात एक फट शोधली: खेळाडू स्वखुशीनं निवृत्त झाला आणि पुन्हा खेळायचं ठरवलं, तर जपानात तो जुन्या क्लबाशीच बांधलेला, पण जपानबाहेर? तिथलं काही लिहिलंच नव्हतं. सव्वीस वर्षांचा नोमो निवृत्त झाला आणि १९९५ मध्ये डॉजर्सकडे गेला. जपानी वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवलं. उन्हाळा सरेपर्यंत तीच वर्तमानपत्रं त्याचा प्रत्येक सामना पहिल्या पानावर छापत होती, आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. माणसं आपल्या मुलुखातून जाणाऱ्याला शिव्या घालतात आणि तो जिंकला की त्याला आपला म्हणतात. ते आम्हाला परकं नाही. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही गायकमंडळी गोव्याबाहेर मोठी झाली. त्यांची नावं आता आम्ही सभागृहांना आणि संमेलनांना देतो.

नोमोमुळे किंतेत्सुला काय मिळालं? शून्य. हा शून्य जपानी मालकांच्या डोक्यात बसला, आणि त्यातून १९९८ मध्ये जी व्यवस्था आली ती या प्रकरणाचा गाभा आहे. तिला 'पोस्टिंग' म्हणतात. नऊ हंगाम खेळलेला जपानी खेळाडू मोकळा; त्याला परदेशी कुणाकडेही जाता येतं, जुन्या क्लबाला छदाम नाही. पण त्याआधी जायचं असेल तर क्लबाची परवानगी हवी, आणि परवानगीला किंमत. सुरुवातीला तो बंद पाकिटांचा लिलाव होता. २००० मध्ये इचिरो सुझुकीसाठी सिअॅटलनं ओरिक्स क्लबाला १ कोटी ३१ लाख डॉलर मोजले. २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाका या पिचरसाठी बोस्टननं सेइबूला ५ कोटी ११ लाख डॉलर दिले, आणि खुद्द मात्सुझाकाला सहा वर्षांसाठी ५ कोटी २० लाख. म्हणजे माणसाच्या सहा वर्षांच्या मेहनतीला जितके, जवळजवळ तितकेच त्याला सोडण्याला. अमेरिकनांना हे सहन होईना. २०१३ मध्ये २ कोटींची कमाल मर्यादा आली आणि २०१८ पासून टक्केवारी.

टक्केवारीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, कारण सगळं मर्म त्यात आहे. ओरिक्सचा पिचर योशिनोबू यामामोतो २०२३ च्या डिसेंबरात बारा वर्षांच्या ३२ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर डॉजर्सकडे गेला. पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, म्हणजे ५० लाख. पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा टक्के, म्हणजे ४३ लाख ७५ हजार. उरलेल्या साडेसत्तावीस कोटींवर १५ टक्के, ४ कोटी १२ लाख ५० हजार. एकूण ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर ओरिक्सला, आणि ते यामामोतोच्या पगारातून कापलेले नाहीत, डॉजर्सनं वरून दिलेले. दुसऱ्या बाजूला रोकी सासाकी. २०२२ मध्ये एका सामन्यात १९ फलंदाज नुसत्या फेकीवर बाद करून एकालाही तळावर पोचू न देणारा पोरगा. तेविसाव्या वर्षीच निघाला. पंचविशीच्या आतल्या परदेशी खेळाडूला अमेरिकेत मोठा करार देता येत नाही, फक्त सहीचा बोनस. त्याला मिळाले ६५ लाख, त्याच्या पंचवीस टक्क्यांनी लोट्टेला १६ लाख २५ हजार. दोन वर्षं थांबला असता तर क्लबाला कोट्यवधी मिळाले असते. लोट्टेचे प्रेक्षक चिडले ते त्याच्या जाण्यावर कमी आणि या हिशेबावर जास्त, असं मला वाटतं. घर बांधून झालं नाही तोच पोरानं वाटणी मागावी तसं ते होतं.

आता गोव्याकडे. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत आय-लीग नावाची देशातली सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा सहाही वेळा गोव्याच्या क्लबांनी जिंकली: डेंपो, चर्चिल ब्रदर्स, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल. पंधरा-सोळा लाख वस्तीचं राज्य. समोर कोलकात्याची मोहन बागान, ईस्ट बंगालसारखी घराणी. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली डेंपो २००८ मध्ये आशियातल्या एएफसी कपाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स ही नावं तेव्हा डिचोलीच्या बसस्टँडवर क्रिकेटवाल्यांच्या तोंडीही होती. आमचा हा भाग, डिचोली-पेडणे, तसा फुटबॉलचा बालेकिल्ला नव्हे. तो मान सासष्टीचा. पण सरद पीक कापलं की मयेच्या शेतातल्या मेरा पायानं दाबून आम्ही मैदान करायचो, बांबूचे गोलपोस्ट पुरायचो, आणि तासाभरात पांढरा चेंडू खनिजाच्या धुळीनं इतका लाल व्हायचा की संध्याकाळी कुठं पडला ते सापडत नसे. रस्त्यावरून टिप्पर जात, धूळ आमच्याच अंगावर, आणि त्या टिप्परांतल्या मालावर चालणाऱ्या क्लबांच्या नावानं आम्ही भांडायचो.

तारे तेव्हाही जात होतेच. चर्चिलचा गोल करणारा ओडाफा ओकोली २०११ मध्ये मोहन बागानला गेला, डेंपोचा रँटी मार्टिन्स पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडला. दोघेही नायजेरियाचे, म्हणजे आम्हीही कुणाचे तरी तारे आणत होतो, हे कबूल करायला हवं. मुद्दा वेगळा आहे. त्या काळी भारतात बरेच करार एका-दोन हंगामांचे. मुदत संपली की खेळाडू मोकळा, आणि क्लबाच्या हाती त्याचा फोटो. नोमोनंतर जपानी मालक ज्या शून्याला घाबरले, तो आमच्याकडे रोजचा व्यवहार होता. देश ओलांडून खेळाडू विकला गेला तर त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना बदलीच्या रकमेतले पाच टक्के वाटून मिळावेत, असा फिफाचा नियम आहे. चांगला नियम, पण त्यासाठी कुणीतरी परदेशात विकला जायला हवा. आसोळण्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको पारानेन्सकडून खेळून आला, तो उधारीवर.

आमच्याकडे सर्रास म्हणतात की खाणी बंद पडल्या म्हणून क्लब गेले. ऐकायला बरं वाटतं. खाणींच्या नावावर काहीही खपतं. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं खाणकाम थांबवलं, हे खरं. २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन ते पुन्हा थांबलं, हेही खरं. पण डेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच १७५० कोटींना सेझा गोवाला विकला होता, आणि त्यानंतर त्यांचा क्लब दोनदा देशाचा विजेता झाला. तेव्हा सगळा दोष खनिजावर टाकता येत नाही.

घडलं ते असं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिच्यात शहराच्या नावाचे नवे संघ, मोठी प्रवेश फी, आणि खालून जिंकत वर येण्याची वाट तेव्हा नव्हती. गोव्यासाठी एफसी गोवा. सुरुवातीला त्याच्या मालकांत श्रीनिवास डेंपो आणि दत्तराज साळगावकरही होते, म्हणजे आपल्या अंगणातलं झाड उपटून नव्या अंगणात लावायचं काम त्यांच्याच हातून झालं. पहिले काही हंगाम जुन्या क्लबांची पोरं नव्या संघांना उधार जायची. मग नवी लीगच देशाची पहिली लीग होणार हे दिसू लागलं, आणि २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. डेंपो तर त्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून वर आला होता.

खेळाडू त्यानंतरही घडत राहिले. लिस्टन कुलासो साळगावकर, एफसी गोवा, हैदराबाद असं करत २०२१ मध्ये कोलकात्याला गेला. मंदार राव देसाई डेंपो, एफसी गोवा करत मुंबईला. गोव्यात पिकवायचं आणि बाहेर पाठवायचं, यात आम्ही आंब्यांपेक्षा माणसांच्या बाबतीत जास्त तरबेज आहोत.

आणखी एक गळती आहे जी जपानला ठाऊकच नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं. ते घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो, आणि २००८ च्या अखेरीपासून भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. २०२० च्या अखेरीपर्यंत चांगला खेळणारा पोरगा अठराव्या वर्षी लिस्बनमार्गे इंग्लंडला जायचा तो गुदामात पेट्या उचलायला, तिथल्या क्लबात खेळायला नव्हे. त्याच्या बदल्यात गावाला जी रक्कम यायची ती आईच्या खात्यात यायची. तिला मी नावं ठेवणार नाही.

जपानात मात्र एक गोष्ट अशी घडली की मला तिचा हेवा वाटतो. २००४ मध्ये किंतेत्सु आणि ओरिक्स यांनी आपले संघ एकत्र करायचं ठरवलं. बारांचे अकरा, कदाचित पुढं दहा. मालकांनी ठरवलं, विषय संपला, असं मालकांना वाटलं. खेळाडूंच्या संघटनेनं सप्टेंबरच्या १८ आणि १९ तारखेला संप केला. जपानी बेसबॉलच्या इतिहासातला पहिला. प्रेक्षक संपवाल्यांच्या बाजूनं उभे राहिले. विलीनीकरण थांबलं नाही, पण बारावा संघ नव्यानं काढायला मालक तयार झाले. सेंदाई शहरात राकुतेन ईगल्स जन्मला. २०१३ मध्ये तो संघ विजेता ठरला, मासाहिरो तानाका नावाच्या पिचरच्या जोरावर, ज्यानं त्या हंगामात २४ सामने जिंकले आणि एकही हरला नाही. हंगाम संपताच तो न्यूयॉर्कला गेला, आणि राकुतेनला २ कोटी डॉलर मिळाले. आमच्याकडे २०१६ मध्ये तीन क्लब बाहेर पडले तेव्हा फातोर्ड्याच्या स्टेडियमच्या दारात संप झाला नाही. वर्तमानपत्रांत हळहळ आली, आम्ही चहा पिताना वाचली.

याहून जुनी गोष्ट हिरोशिमाची. अणुबाँब पडल्यानंतर चारेक वर्षांत त्या शहरानं कार्प नावाचा संघ उभा केला. मागं कुठली मोठी कंपनी नव्हती. १९५१ मध्ये संघ बुडायला आला तेव्हा लोकांनी मैदानाच्या दारात साकेची लाकडी पिंपं ठेवली आणि येणारा-जाणारा त्यात नाणी टाकू लागला. संघ तगला. त्याच संघाचा हिरोकी कुरोदा पुढं अमेरिकेत गेला, डॉजर्स आणि यांकीज अशा दोन श्रीमंतांकडे खेळला, आणि २०१५ मध्ये तिथल्या कितीतरी मोठ्या रकमा नाकारून चाळिशीत हिरोशिमाला परत आला. २०१६ मध्ये कार्पनं पंचवीस वर्षांनी आपली लीग जिंकली, आणि तो निवृत्त झाला.

डेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगला परतला, त्यांचाच जुना बचावपटू समीर नाईक प्रशिक्षक म्हणून. त्याच २०२४ मध्ये आमच्या डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली. लिलावात गेलेल्या दुसऱ्या एका पट्ट्याचं तर नावच 'शिरगाव-मये'. टिप्पर पुन्हा रस्त्यावर आहेत.

परवा संध्याकाळी मी त्याच शेतापाशी थांबलो. चेंडू फाटला होता, आतली ब्लॅडर बाहेर आली होती, आणि दहा-बारा पोरं त्याभोवती उकिडवी बसली होती. नव्या चेंडूला नऊशे लागतात यावर एकमत झालं, मग कुणी किती घालायचे यावर भांडण. शेवटी माझ्या ओळखीच्या त्या पोरानं डोक्यावरची निळी टोपी काढून उलटी धरली आणि सगळ्यांपुढं फिरवली. दहाच्या नोटा, पाचाची नाणी, एक चुरगळलेली पन्नासाची. माझ्यापुढं आली तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही पण."